पालथा पेला

बाबांना मधुमेह झाला तेव्हा प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. गोंदियाच्या डॉक्टरांनी गोळी दिली. बोदलकशाच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं बिजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या, लाकडाचा पेला आणून दिला. त्यात रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी चहाच्या रंगाचं झालेलं ते पाणी प्यायचं, म्हणजे साखर उतरते, असं आमचा सगळा दवनीवाडा सांगायचा. उन्हात धरलं की त्या पाण्यावर निळी झाक दिसायची. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली, स्वतःला मोठी शास्त्रज्ञ समजणारी. मी नाक मुरडलं; बाबा मात्र रोज सकाळी ते पाणी न चुकता प्यायचे.

पण एक कोडं काही सुटेना. गोंदियात तपासणी झाली की दर वेळी साखर चढलेली. डॉक्टर गोळी वाढवत. इकडे घरी मात्र बाबा दुपारी शेताच्या धुऱ्यावर उभे राहिले की घामानं भिजत, हात लटलट कापत. दोनदा तर धानाच्या बांधीतच पडले. आई पदराला गुळाचा खडा बांधूनच फिरायची.

"डॉक्टर म्हनते शुगर वाढली, अन् हा मानूस थंडा पडून राहिला," ती म्हणायची.

पुढच्या खेपेला साखर अशीच निघाली तर इन्सुलिन, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मला धास्ती वाटायची, की एखाद्या दुपारी बाबा पडतील ते उठणारच नाहीत.

तिरोड्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी पहिल्यांदा काय आणलं असेल, तर साखर मोजायचं यंत्र. बाबांचे हात कापत असताना बोट टोचलं. आकडा आला अठ्ठावन्न! मी दोनदा डोळे चोळले. आईनं गूळ भरवला.

पुढच्या रविवारी घरी आले तर फळीवर पेला पालथा.

"बाबा, हा पालथा काऊन?"

"परीक्षा आली ना जवळ. आठ रोज पेला बंद ठेवतो मी."

"कायले?"

"मंग काय, कॉपी करून पास होऊ?"

मी ओरडलेच. आई चुलीपासून धावत आली. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडणारा हा माणूस डॉक्टरांनाही प्रामाणिक पेपर देत होता! पेला बंद केला की साखर चढायची, ती पाहून गोळी वाढायची, आणि घरी येऊन वाढलेली गोळी अन् पेला दोन्ही सुरू. मी तिथल्या तिथे बोट टोचलं. आकडा अडीचशेच्या वर. मी अंगणात अक्षरशः नाचले. बापाची साखर वाढली म्हणून नाचणारी मुलगी शेजारणीनं पहिल्यांदाच पाहिली असेल.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही गोंदिया गाठलं. मी पेला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डॉक्टर आधी भडकले.

"गुरुजी, इतनी बड़ी बात छुपाई? मी गोळी वाढवत गेलो, तुमचा जीव गेला असता!"

मग त्यांनी पेला उचलून नाकाशी धरला, उलटसुलट पाहिला. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं मला बजावलं. माझा उत्साह तसूभरही कमी झाला नाही. त्यांनी गोळी निम्मी केली, घरी रोज साखर मोजायला सांगितलं आणि बाबांकडे वळले.

"ये परीक्षा नहीं है, गुरुजी. रोज जसे राहता, तसेच या."

बाबांनी पेल्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "तर मंग याचंबी नाव लिहा, साहेब."

डॉक्टरांनी खरंच लिहिलं, गोळीच्या खालच्या ओळीत: बिजाचा पेला, रोज सकाळी. बाबांनी तो कागद दोनदा वाचला, थैलीतून घरच्या पाण्याची बाटली काढली, पेल्यात ओतली आणि परीक्षकाच्या डोळ्यांदेखत घटाघटा प्यायले.