देवीकडून उसना आणलेला एसएमपीएस

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या संत तुकाराम नगरात स्क्रू पिळायची सोय नसते. एरवी इथे घरटी एक तरी फिटर, वेल्डर नाहीतर मेंटेनन्सवाला सापडतो. नळ गळाला तर मदतीला इतके जण धावतात की नळापर्यंत पोचायला जागा उरत नाही. पण त्या एका दिवशी सगळ्यांची हत्यारं पाटावर. पक्कड, पाने, टेस्टर, ड्रिल मशीन, वर हळदकुंकू आणि झेंडू. दसऱ्याच्या पहाटे उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही.

आणि नेमका त्याच दुपारी माझा कॉम्प्युटर गेला.

मी घरच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करते. भरतकामाचं मशीन वेगळं आणि नक्षी तयार करायचा कॉम्प्युटर वेगळा. हा कॉम्प्युटर नवऱ्याच्या कंपनीने जुना म्हणून विकायला काढला तेव्हा आम्ही घेतला. अंगाने सडपातळ, रंगाने काळा, स्वभावाने एककल्ली. माझं नक्षीचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय दुसरीकडे चालत नाही, कारण त्याची किल्ली म्हणजे मागे खुपसायचा एक जाडजूड ठोकळा, आणि तो ठोकळा जाईल असं भोक हल्लीच्या लॅपटॉपला नसतं. म्हणून मी त्याला कधी बंदच करत नसे. सासूबाईंना ते पहिल्यापासून खुपायचं.

"त्याला बी इसावा पायजे," त्या सकाळी म्हणाल्या, आणि माझ्या देखत बटण दाबून त्याला निजवला. मग ओल्या बोटांनी कुंकू लावलं, डोक्यावर झेंडू ठेवला, पेढ्याचा तुकडाही समोर ठेवला.

माझी काही हरकत नव्हती. काम जवळजवळ झालं होतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला दुपारी, चाकणकडच्या एका मुलीचा साखरपुडा होता आणि तिच्या ब्लाउजच्या पाठीवर मला बस काढायची होती. हो, बस. कंपनीची, पांढरी, बाजूला निळा पट्टा असलेली. ही मुलगी कारखान्यात लाइनवर काम करते, मुलगाही त्याच कारखान्यातला, आणि दोघांचं जमलं ते फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये. दोन्ही घरांनी वर्षभर नाकं मुरडली, बोलणं टाकलं, शेवटी कंटाळून हो म्हटलं. आता तिला भर मांडवात सगळ्यांकडे पाठ करून उभं राहायचं होतं.

"काकू, मोर तर सगळ्यांच्याच पाठीवर असतात," ती म्हणाली होती. "माझं लग्न मोराने नाही जमवलं."

अशा मुलीला नाही म्हणणारी बाई मी नव्हे. बस तयार झाली होती, पण ती कॉम्प्युटरच्या पोटात. तिथून पेन ड्राइव्हवर घेतली असती, की पहाटे उत्तरपूजा, लगेच मशीन सुरू, मग ब्लाउज शिवून दुपारच्या आत चाकणला. सगळं मिनिटामिनिटाला बेतलेलं, आणि मी पेन ड्राइव्हचं विसरले होते.

दुपारी सासूबाई आडव्या झाल्याबरोबर मी हळूच बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पंखा नाही, दिवा नाही, हूं नाही की चूं नाही. फक्त झेंडू घरंगळून खाली पडला.

शेजारच्या भाऊजींना बोलावलं. हे एका कारखान्यात मेंटेनन्सला, विजेच्या बाबतीत आमच्या मजल्याचे धन्वंतरी. त्यांनी वाकून मागच्या जाळीचा वास घेतला आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तसं तोंड केलं. एसएमपीएस गेला होता. म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा. इतकी वर्षं तापलेला होता तोवर चालला, आज गार पडला आणि उठलाच नाही.

"माणसाचं बी आसंच हाय," दारातून आवाज आला. सासूबाई उठल्या होत्या. माझा गुन्हा त्यांनी एका नजरेत वाचला, पण शिक्षा पुढे ढकलली, कारण बसच्या मुलीवर त्यांचा माझ्याहून जास्त जीव होता. मुलगी त्यांच्या माहेरच्या गावची.

भाऊजी म्हणाले, त्यात काय, माझ्या घरच्या कॉम्प्युटरमधला काढून लावतो. पण काढणार कशाने? त्यांचं सगळं सामान पाटावर. मग आमच्या पुढच्या खोलीत धर्मसभा भरली. टेस्टर हे हत्यार की औषध? मल्टिमीटर नुसता बघतो, करत काहीच नाही, तर त्याला हत्यार म्हणावं का? सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"दुखण्याला औषध द्यायला सण आडवा येत न्हाई. पर ज्याला कुक्कू लागलं त्याला उठवायचं न्हाई. बिनकुंकवाचं काय घावतंय ते बघा."

बिनकुंकवाचं काहीच घावेना. सासूबाईंनी पूजेतून विळी, कात्री, इतकंच काय, पाटा-वरवंटाही सोडला नव्हता. शेवटी माझ्या पर्समध्ये सापडला नेलकटर. त्याची कानस स्क्रूच्या खाचेत अशी बसली, जणू तिचा जन्मच त्यासाठी झाला होता.

भाऊजींनी स्वतःचा डबा काढून आणला आणि आमच्या कॉम्प्युटरसमोर धरला. त्यांचा डबा पाव किलो मिठाईच्या खोक्यासारखा चौकोनी, आमचा अगरबत्तीच्या पुड्यासारखा लांबुळका. आत बसायचा प्रश्नच नव्हता. बाहेर ठेवून वायरी आत सोडू म्हटलं, तर त्यांचा प्लग रुंद आणि आमच्या बोर्डावरचं भोक चिमुकलं. बनवणाऱ्या कंपनीने मुद्दाम असं माप काढलं होतं की दुसऱ्या कुणाचं काही चालू नये.

"वहिनी, याच्या घरात फक्त याच्याच रक्ताचं चालतं," भाऊजी म्हणाले.

आणि मला आठवलं, याचं एक सख्खं भावंड आहे की. त्याच विक्रीत असाच दुसरा कॉम्प्युटर आमच्या नवरात्र मंडळाने घेतला होता. रोज संध्याकाळी देवीच्या मागे जो पडदा उजळतो आणि त्यावर आरतीचे शब्द सरकतात, ते त्याचंच काम.

सासूबाईंनी लगेच पदर खोचला, खण-नारळ घेतला आणि आम्ही तिघं वरातीसारखे मांडवात गेलो. मंडळाचे अध्यक्ष पेढे वाटत होते. मागणी ऐकून त्यांचा हात पेढ्यावरच थांबला. म्हणाले, मावशी, आरतीला थोडाच वेळ उरलाय, शब्द दिसले नाहीत तर पोरं नुसती टाळ्या वाजवतील. आणि डबा परत आलाच नाही तर?

सासूबाईंनी देवीची ओटी भरली, पुढची खुर्ची ओढली आणि ठाण मांडून बसल्या.

"डबा येईस्तोवर मी हितं गहाण बसते. मग तर झालं?"

अध्यक्षांनी जन्मात अनेक वस्तू तारण म्हणून पाहिल्या असतील, पण सासू पहिल्यांदाच. ते हसले तिथेच हरले.

भाऊजींनी देवीमागे शिरून नेलकटर चालवला. लांबुळका डबा ओढणीत गुंडाळून मी घराकडे अशी निघाले की वाटेत एका बाईंनी विचारलं, बाळ कुणाचं? घरी भाऊजींनी जुना डबा काढला, उसना सरकवला, चिमुकला प्लग टचकन बसला. मी बटण दाबलं. पंख्याने जाळीत साठलेलं कुंकू फुर्रकन आमच्या तोंडावर उडवलं आणि पडदा उजळला.

आता, आज काम करायचं नाही हे मला ठाऊक होतं. पण दुखणेकरी शुद्धीवर आलाय का, तो आपली माणसं ओळखतो का, हे नको बघायला? मी त्याला बस ओळखायला लावली. त्याने ओळखली. ती पेन ड्राइव्हवर उतरत होती तेव्हा मी देवघराकडे पाठ करून बसले होते, म्हणजे मी आणि देवी, आम्ही दोघींनीही काही पाहिलं नाही.

तेवढ्यात स्पीकरवरून सासूबाईंचा आवाज आला. आरतीची वेळ झाली होती, पडदा काळा होता, आणि गहाण ठेवलेल्या वस्तूने माइक हातात घेतला होता. एक आरती संपली की श्वास न घेता दुसरी. आमच्या भागात कुणी ऐकली नसेल अशी त्यांच्या माहेरचीही एक झाली, बहुतेक तिथल्या तिथे रचलेली. भाऊजी हसत हसत त्याच डब्याचे स्क्रू काढत होते आणि दर दोन मिनिटांनी नेलकटर त्यांच्या हातातून निसटत होता. आम्ही धावत पोचलो, डबा बसवला, पडदा उजळला आणि शब्द सरकू लागले, पण तिकडे कुणी बघेना. सगळा मांडव सासूबाईंच्या तोंडाकडे बघून गात होता.

पहाटे उत्तरपूजा झाली. पेन ड्राइव्ह मशीनला लावला, आणि सुई टकटकत बसची चाकं काढू लागली तेव्हा सासूबाई चहा घेऊन शेजारी उभ्या होत्या. ही बस आली कुठून, असं त्यांनी विचारलं नाही. निळा पट्टा जरा अजून गडद चालला असता, एवढंच म्हणाल्या.

साखरपुड्यात मुलीने मोठ्यांच्या पाया पडायला म्हणून मांडवाकडे पाठ केली आणि बस सगळ्यांसमोर आली. आधी माना उंचावल्या. मग मुलाची आई, जी वर्षभर बोलली नव्हती, तिनेच पहिल्यांदा तोंडाला पदर लावला. तो खाली आला तेव्हा ती हसत होती. बसचा ड्रायव्हरही आमंत्रणावरून आला होता. तो जवळ जाऊन बोटाने खिडक्या मोजू लागला.

"ताई, शेवटची खिडकी राहिली की."

मीही मोजल्या. खरंच राहिली होती. ती दोघं बसायची तीच खिडकी. मुलीने सांगितल्यावर मी शेवटी वाढवली होती, आणि देवघराकडे पाठ करण्याच्या नादात त्याआधी सेव्ह केलेली बस उचलली होती.

मुलीने मान वळवून आधी माझ्याकडे पाहिलं, मग होणाऱ्या नवऱ्याकडे.

"राहिली नाही, काका," ती म्हणाली. "पडदा ओढलाय."

माझ्या शेजारी सासूबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला पेढा माझ्या साडीवर पडला.