अल्बममध्ये मी कुठं आहे

आमच्या बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी तो मोबाईलवरच ऐकला गेला. आवाज वाढावा म्हणून पप्पांनी मोबाईल स्टीलच्या ग्लासात उभा केला आणि मांडी घालून सगळी गाणी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "लई भारी हाय. पण ह्यात तू कुठं हायेस?"

मी बेस गिटार वाजवते. त्या जाड तारांचा खालचा आवाज मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून निघतच नाही. पण ऐकूच न येणाऱ्या गोष्टीची बाजू मांडणार तरी कशी? शेजारी बसलेली मावशी म्हणाली, "गाणाऱ्याचा आवाज लई गोड हाय." आमचा गाणारा म्हणजे आळशांचा मुकुटमणी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तसा अल्बमचा बोलबाला बरा झाला. कॉलेजची मुलं हेडफोन लावून ऐकत होती. पुण्याच्या कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं, पोरांचा आवाज दणकट आहे. पोरांचा! तिथंही मी नव्हतेच. त्याचं मी मनावर घेतलं नाही. पप्पांचं मात्र घेतलं. जन्मभर भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवलेला माणूस, आणि त्यालाच मी ऐकू येऊ नये? हेडफोन पुढं केले तर म्हणाले, "कान बंद करून गाणं ऐकत असत्यात का कुठं?"

भीमजयंतीला त्यांच्या पार्टीचा कार्यक्रम करमाडला होता. मीही गेले. मंडपात स्पीकरचे मोठे बॉक्स जोडून झाले तसे साउंडवाले चाचा म्हणाले, "बेटा, कुछ तो बी लगा, आवाज देखना है." बुद्धवंदना झाल्याशिवाय तिथं दुसरं गाणं होत नाही, हे मला लहानपणापासून पाठ. पण ही तर नुसती तपासणी, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि आमचं गाणं लावलं.

पायाखालची सतरंजी थरथरली. खुर्च्या मांडणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं. पप्पा ढोलकीची दोरी ओढत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. चिडले वाटतं, म्हणून मी वायर काढायला वाकले, तर त्यांचा डावा हात दिसला. तो ढोलकीच्या घुमणाऱ्या बाजूवर होता आणि हलके हलके माझ्या बेसच्या मागं चालला होता. उजवा हात मांडीवर गप्प. मधे एक ठोका मी मुद्दाम उशिरा टाकलाय, तोही त्यांनी अलगद उचलला. मी वायर तशीच राहू दिली.

गाणं संपलं. पार्टीतली माणसं वंदनेसाठी उभी राहू लागली. माझ्या शेजारी येऊन पप्पा हळूच म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात घाई केलीस."

केली होती. अल्बम आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझी चूक काढली होती, आणि मी मंडपात हात जोडून खुशाल हसत होते.