बेड मिळंल का, ताई?

व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे म्हटलं की लोक हळहळतात. "रोज तेच रडगाणं ऐकत असाल!" तेच नसतं हो. उदगीरच्या आमच्या छोट्या केंद्रात एक किस्सा सांगून संपेपर्यंत दुसरा दारात उभा असतो. कधी कधी झुलत!

* * *

देवणीकडचं एक जोडपं आलं. नवरा पिऊन तर्र. बायकोनं तोंड उघडायच्या आत त्यानंच हात जोडले. "मॅडम, हिला भरती करा. हिची कटकट सुटंना!"

बायकोनं पिशवी खुर्चीवर ठेवली. "करा ताई. लगीन झाल्यापासून पोटभर झोपले न्हाई मी."

तो हसला. मग बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला आणि मला म्हणाला, "माझ्या भरतीची सही कुठं करू?"

* * *

एकदा एक हवालदार अन्वरला दंडाला धरून घेऊन आले. अन्वर शिवणकाम करायचा, नशेच्या गोळ्यांनी हात असे थरथरत होते की सुई धरणं सोडाच, पाण्याचा ग्लास धरवत नव्हता.

"केस केली तर जिंदगी खराब होईल याची. तुमच्याकडं ठेवा."

सरकारी अनुदान तेव्हा अडकलं होतं. निम्मे बेड बंद. मी म्हटलं, "साहेब, जागा नाही."

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "कमाल हाय! आमच्या लॉकअपात मात्र जागा कधीच संपत न्हाई!"

अन्वरला आम्ही ऑफिसातल्या बाकावर झोपवलं. सतरंजी हवालदारांनीच घरून आणली.

* * *

वरून एक अधिकारी तपासणीला आले. मन लावून चौकशी करणारे. लोह्याकडच्या किसनरावांना त्यांनी विचारलं, "काका, सरकारनं आणखी काय सोय करावी?"

"साहेब, दारूच्या दुकानाचं लायसन आमच्या गावात, आन् इलाजाला गाड्या बदलत उदगीर! उलटं करा की. दारू हितं ठेवा. प्यायला एवढ्या लांब यायचा मला लई कंटाळा हाय!"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. निघताना त्यांनी किसनरावांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "माझा भाऊ असाच बोलायचा," म्हणाले.

* * *

अनुदान आलंच नाही, तेव्हा नवी भरती थांबवावी लागली. त्याच आठवड्यात निलंग्याकडच्या एक मावशी मुलाला रिक्षात घालून आल्या.

"पुढच्या महिन्यात नक्की घेऊ, मावशी."

त्या चिडल्या नाहीत. "म्या थांबते की. त्यो थांबतो का, तेवढं त्यालाच इचारा."

मी रिक्षाजवळ गेले. तो डोळे मिटून पडला होता. डॉक्टर धावत आले, बघितलं आणि तिथूनच दवाखान्यात पाठवलं.

पुढच्या महिन्यात मावशी आल्या. एकट्या. "त्याचा बेड दुसऱ्या कुणाला द्या," एवढंच म्हणाल्या आणि उन्हात निघून गेल्या.

* * *

शेवटी केंद्रालाच कुलूप लागलं. मी लातूरला एका शाळेत लागले. कितीतरी महिन्यांनी फोन आला, अनुदान मंजूर! गुरुवारी सकाळीच किल्ली घेऊन उदगीर गाठलं.

गुरुवार म्हणजे पूर्वी आमच्या मीटिंगचा दिवस. दारू सोडलेले सगळे गोल करून बसायचे आणि एकेक जण मनातलं बोलायचा.

गेटसमोरच्या लिंबाखाली सात-आठ जण दिसले. त्यात आमचा जुना पेशंट, ट्रक ड्रायव्हर गणपत. सगळे पुन्हा प्यायला लागले की काय!

"गणपत, कधीपासून बसलात इथं?"

"दर गुरुवारी बसून राहिलो की, ताई."

"अरे, पण केंद्र बंद होतं!"

"हाव. म्हनून तर भाईर बसलो."

एकानं सरकून मला जागा करून दिली. गणपतनं ओठावर बोट ठेवलं.

"बसा, पन मधी बोलू नका. इस्माईलभाईची बोलायची बारी हाय."