चालता पाय, बोलती जीभ

डॉक्टरनं खिशातला पेन काढून माझ्यासमोर धरला. "हे काय आहे?"

मी ठणकावून सांगितलं, "म्हैस."

माझी बायको लीला फस्सकन हसली, आन् मंग तोंडाले पदर लावून रडाले लागली. डॉक्टर हसले नाही. म्हणाले, "स्ट्रोक आहे. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली, म्हणून उजवा हात-पाय गेला. आणि हा अफेजिया." अफेजिया म्हणजे वस्तू ओळखू येते, पण तिचं नाव जिभेवर येत नाही. मले पेन चांगला दिसत होता हो! म्हैस कुठून आली ते तिलेच माहीत.

मी नागपुरातला विणकर. घरातल्या हातमागावर लुगडी विणत होतो. पण मोहल्ल्यात माझी वट होती ती दुसऱ्याच कामानं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, आमचा बडग्या निघते. कागद-बांबूचा मोठा थोरला पुतळा, वर्षभराच्या पिडेच्या आन् लबाडीच्या नावानं. त्याच्यापुढं म्हणाच्या टोमण्याच्या ओळी मी रचत होतो. कागद घेऊन मी कधी बसलो नाही. मागाखालची पावडी पायानं दाबली की अर्धी ओळ येई, आडव्या सुताचा धोटा फेकला की उरलेली अर्धी. लीला बाजूले सुताच्या कांड्या भरता भरता लिहून घेई.

तेव्हा सीटी स्कॅनचं नाव आमच्याकडं कोणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई टाकून पाणी काढलं. पाणी स्वच्छ निघालं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत रक्तस्राव नाही, हे चांगलं. हात-पाय थोडे सुधारतील. बोलण्याचं आज सांगता येत नाही. सध्या आराम."

आराम हा शब्द आमच्या घरानं असा धरला की सोडता सोडेना. बारा दिवसांनी घरी आणलं आन् खाटेवर ठेवलं. डावा पाय हलला तरी सासू ओरडे, "हलू नका जावाई, नस तुटन!" बडग्याच्या मंडळाचे श्रावणभाऊ शंभर पानी वही घेऊन आले. "पडल्या पडल्या सुचवा," म्हणे. लीला डाव्या हातात पेन्सिल देई, मी छताकडं पाहत राही. दीड महिना गेला. वही कोरी. जो माणूस जन्मात कधी हात-पाय न हलवता रचत नव्हता, त्याले हे लोक झोपवून रचाले लावून राहिले होते! आन् मीही असा मूरख, की डोस्कंच रिकामं झालं असं मानून बसलो.

एक दिवस श्रावणभाऊ दारात लीलाशी हळूच बोलले, "यंदा पलीकडच्या मोहल्ल्यातल्या मास्तरकडून लिहून घेतो." मले ऐकू बरोबर येत होतं. हात गेल्याचं इतकं लागलं नव्हतं. ओळ गेली तर मी कोण, या विचारानं मी पोरासारखा रडलो.

डॉक्टरनं तपासाले बोलावलं तेव्हा उलट लीलालेच झापलं. "आराम म्हणजे पुतळा करायचा का यांचा?" मंग फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे व्यायामानं उपचार. शिकवाले कुमुदबाई होत्या, बारीकशा पण आवाज हवालदाराचा. दोन लोखंडी दांड्यांच्या मधात मले उभं केलं. "डावा दाबा, उजवा दाबा. एक, दोन." उजवा पाय लीलानं हातानं उचलून ठेवायचा. आठ-दहा दिवस नुसता घाम. मंग एका सकाळी पायांले मागाच्या पावडीची चाल सापडली आन् तोंडातून निघालं,

"डावा पाय मालक, उजवा पाय चाकर..."

कुमुदबाई एकदम थांबल्या. "काय म्हणालात?" मीही थांबलो आन् शब्द गडप. लीला किंचाळली, "थांबवू नका वं बाई त्याहिले!" पाय पुन्हा सुरू केले.

"चाकर बसला संपावर, कोण देईल भाकर?"

पूर्ण दवाखाना पाहून राहिला होता. मी रडतही होतो आन् पाय दाबतही होतो.

मंग आम्ही तिघांनी शोधच लावला म्हणा ना. कोणत्या हालचालीनं काय येते ते लीला लिहून ठेवी. खुर्चीतून उठताना ओळीची सुरुवात येई. हात वर करताना नुसती कण्हणी. पायऱ्या उतरताना शिव्या अशा सरळ येत, की कुमुदबाई लाजून दुसरीकडं पाहत. एकदा जोशात जास्त केलं, चक्कर येऊन पडलो, बीपी वाढला आन् आठ दिवस बंदी. डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांना असं होईलच असं नाही. पण तुम्हाला होतंय, तर मोजून मापून करा." तुमच्या घरी कोणी असं पडलं असन तर हेच सांगतो. आधी डॉक्टरले विचारा, मंग त्याच्या अंगाची सवय कोणती होती ते आठवा. नुसतं उशाशी बसून "बोला, बोला" करू नका.

तान्ह्या पोळ्यापर्यंत आठ ओळी झाल्या. श्रावणभाऊनं स्वतः जाऊन मास्तरले "आता नको" म्हणून सांगितलं. मिरवणुकीच्या दिवशी त्यांनी मानानं सायकलरिक्षा आणली, गादी-बिदी टाकून. मी मान हलवली. पाय थांबले तर मुका होतो, हे त्यांले कोण समजावणार? लीला रिक्षावाल्याले म्हणाली, "जा गा भाऊ तू. हे पायीच बोलतात."

गल्लीपासून चौकापर्यंत गेलो, उजवा पाय फरफटत, लीलाचा हात कोपराशी. सात ओळी खणखणीत. आठवीपाशी गर्दीनं रस्ता अडला, पाय थांबले, शब्दही थांबला. हजार माणसं माझ्या तोंडाकडं. लीलानं कानाशी ओळ सांगितली नाही. ती पाठ होती तिले, तरी नाही. ती माझ्याजवळ उभी राहून जागच्या जागी पाय आपटाले लागली. डावा, उजवा. मी तिच्यासंगं लागलो, आन् ओळ आली.

मागावर मी परत बसू शकलो नाही. त्याचं दुःख आहे, नाही कशाले म्हणू? पण त्या दिवशी घरी आलो, अंगणात फेऱ्या मारत राहिलो, बोलत राहिलो. मास्तर, श्रावणभाऊ, रिक्षा, गर्दी, सगळं. दिवेलागण झाली तरी थांबेना. पाच महिने माझ्या एकेका शब्दासाठी झुरलेली माझी बायको चुलीपासून ओरडली, "आता चूप बसा ना जी जरा! डोस्कं उठवलं!"

इतकं गोड मले जन्मात कोणी बोललं नव्हतं.