उजव्या हाताची सही

आमच्या तालुक्याच्या शिक्षण कचेरीतल्या क्लार्कइतका गोड माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात नाही. टेबलावर साखर सांडली, तर मुंग्या ती सोडून त्याच्या जिभेकडे धावतात. "या गुरुजी, बसा गुरुजी, लई वाळलात गुरुजी!" मान सारखी डोलते, काम मात्र हलत नाही.

घोडेगावच्या बाजारात उधळलेल्या बैलाने माझा उजवा हात असा मोडला, की डॉक्टरांनी हाडं सुपात गोळा केली. खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर. हात बरा होईपर्यंतची आजारी रजा मंजूर झाली तर पगार चालू, नाहीतर बंद, आणि पेन्शनच्या नोकरीतही खंड. म्हणून डाव्या हाताने सही करून अर्ज त्या क्लार्ककडे नेला.

त्याने चहा मागवला. मला बशीत ओतता येईना, तेव्हा हा उठला, फुंकर मारमारून लेकरासारखा मला चहा पाजला, वर स्वतःच्या रुमालाने माझ्या मिशा पुसल्या. माझे डोळे भरून आले हो!

मग त्याने अर्ज पाहिला.

"गुरुजी, ही सही जुळत न्हाई."

"डाव्या हाताची आहे."

"मग उजव्या हातानं करा. हात बरा झाला की या निवांत."

"बरा झाल्यावर रजा कशाला घेऊ? तुमच्या तेराव्याला?"

तो हसला. "अजून थोडा चहा?" म्हणत बशी पुन्हा माझ्या तोंडाशी आणली. मी ती डाव्या हाताने अशी भिरकावली, की भिंतीला भोकच पडायचं राहिलं.

त्याने शांतपणे काचा गोळा केल्या आणि माझ्या अर्जावर शेरा मारला, 'अर्जदाराचा हात चांगला चालतो.'