नृसिंहाच्या पायरीवर कंबर धरली

त्या सकाळी मी देवाला हात जोडायला नाही, त्याच्याशी भांडायला निघाले होते. माझी मुक्ता दहा वर्षांची झाली, पण जन्मापासून तिच्या पायांत बळ नाही. अंघोळ, शी-शू, अंगणात उन्हाला नेणं, सगळं माझ्या डाव्या कमरेवर. वर्षभरापासून ती कंबर अशी धरायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तर मुक्ता माझ्या हातून निसटता निसटता राहिली. तेव्हापासून घरात तिला कुठल्या तरी संस्थेत ठेवायची भाषा सुरू झाली. बारामतीतल्या डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. "बाळंतपणानंतर बायकांची कंबर जातेच," म्हणाले. दहा वर्षांपूर्वीचं बाळंतपण! काटेवाडीतल्या शेजारणी म्हणायच्या, कुलदैवताचं काही तरी राहिलंय. रोज दिवा लावणाऱ्या माझं काय राहिलं होतं? लेकीला पाय दिले नाहीस ते सोसलं, आता तिला उचलणारी कंबरही काढून घेतोस? हे मला त्याला तोंडावर विचारायचं होतं.

आमचं दैवत नीरा नरसिंहपूरचं. इंदापूरवरून आम्ही तिथं पोचलो. माझे मालक गाडी लावायला गेले आणि मी रागाच्या भरात त्यांची वाट न बघता मुक्ताला कमरेवर घेऊन पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावर कमरेत अशी सणक आली की पुढचा पाय उचलेना आणि मागचा खाली येईना. मुक्ता गळ्याला घट्ट बिलगली. माणसं बाजूनं जात होती. एक म्हातारी थांबून म्हणाली, "मागल्या जन्माचं पाप हाय बाई, भोगूनच संपवाय लागतं."

माझा तोल सुटला. "पाप कुणाचं, मावशी? ह्या लेकराचं? दावा की मला त्येनं काय केलंय त्ये!"

म्हातारी पदर सावरत निघून गेली. मी भर पायऱ्यांवर रडत उभी राहिले. तेवढ्यात मागून कुणी तरी मुक्ताला अलगद आपल्याकडं घेतलं आणि मला पायरीवर बसवून तिलाही शेजारी टेकवलं. माझ्याच वयाची बाई होती. इंदापुरात व्यायामाचे उपचार करते म्हणाली. तिचं आज यायचं ठरलं नव्हतं, पण तिच्या वडिलांनी सकाळी एकाएकी दर्शनाचा हट्ट धरला.

माझी सणक ओसरल्यावर तिनं विचारलं, "ताई, हिला जमिनीवरून कशी उचलता, दाखवता?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. मी नुसतंच वाकून दाखवलं. तिनं मला पायऱ्यांलगतच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. माझा डावा खुबा बाहेर निघालेला, खांदा खाली लोंबलेला. "तुमची कंबर बाळंतपणानं गेली नाही. रोज एकाच बाजूला, वाकड्या अंगानं ओझं पेलून थकली आहे." मग तिनं शिकवलं: एक गुडघा टेकायचा, मुलीला छातीशी धरायचं, पाठ न वाकवता पायांच्या बळावर उठायचं. अंघोळ घालायची ती कमरेइतक्या उंच बाकावर. एवढ्यात मालक आले. ती त्यांच्याकडं वळली. "आणि दादा, तुम्ही कधी उचलता हिला?"

मालकांनी मान खाली घातली. "न्हाय ओ. तिलाच सवय हाय म्हणून..."

"सवय न्हवती, कुणी घेतच न्हवतं!" मी म्हणाले. दहा वर्षांचं साचलेलं एका वाक्यात बाहेर आलं. बाईंनी दाखवलं तसा गुडघा टेकून मालकांनी मुक्ताला उचललं आणि गाभाऱ्यापर्यंत नेलं. मी मोकळ्या हातांनी मागून चालले.

दुखणं काही त्या दिवशी थांबलं नाही. त्या बाईंनी सांगितलेला व्यायाम करता करता कित्येक महिने गेले, तेव्हा कुठं रात्रीची झोप लागू लागली. संस्थेचं नाव आता घरात कुणी काढत नाही. त्या डॉक्टरांचा आणि म्हातारीचा राग मात्र अजून येतो, तो मी लपवत नाही.

शरण जायचं म्हणजे सगळं मुकाट सोसायचं, असंच मला लहानपणापासून शिकवलं होतं. त्या दिवशी मी देवाच्या दारात भांडायला उभी राहिले आणि त्यानं ते भांडण ऐकून घेतलं. माझ्या लेकीचा भार दुसऱ्याच्या हाती द्यायला मला तिथंच जमलं. गाभाऱ्यात हात जोडले तेव्हा विचारायचं म्हणून आणलेलं काहीच आठवेना. बापाच्या खांद्यावरून मुक्ता देवाकडं बघून हसत होती, आणि मी तिच्याकडं.