कागदावर तीस

तलासरीकडच्या पाड्यांत माझ्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. नाव घालायला गेलं की गुरुजी जन्मतारीख विचारत, आईबाप ‘भातकापणी चालू होती’ एवढंच सांगत, आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. माझ्या वेळी गुरुजींनी कापणीच्या आधीचा जून लिहिला, आणि वडिलांनी वर आणखी एक वर्ष चढवलं. मला थोरल्या बहिणीबरोबरच शाळेत धाडायचं होतं, कारण आईवडील मजुरीला गेले की घरी सांभाळायला कोणी नसे. त्यामुळे कागदावर मी माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठी आहे.

मी एका संघटनेत काम करते. लवकरच्या लग्नांविरुद्ध पत्रकं लिहिते, वाटते, आणि सामूहिक विवाहाच्या नोंदणीला टेबलावर बसून दाखले तपासते. ‘मुलगी अठरा, मुलगा एकवीस. आधी दाखला, मग अक्षता.’ हे वाक्य माझं आहे.

एका वर्षी गंजाडची एक बाई मुलीला घेऊन आली. दाखल्यावर तीन महिने कमी भरत होते. बाई म्हणाली, पोर कापणीची आहे, गुरुजींनी पुढच्या वर्षीचा जून लिहिला. मी म्हटलं, “मावशी, भाताची कापणी कोर्टात चालत नाही.” नाव खोडलं. मुलाकडचे पावसाळा उलटेपर्यंत थांबले नाहीत, त्यांनी दुसरी केली. तीन वर्षांनी ती बाई मला डहाणूच्या बाजारात भेटली. “आता एकवीसची झाली, बाय, तुझ्या कागदावर,” ती म्हणाली. “येतात ते विचारतात, एवढी का राहिली? काय सांगू? तुझं पत्रक दाखवू?”

मी बरोबर होते. आजही तेच करीन. पण तेव्हापासून मी एक ठरवलं होतं, की कापणीचा हिशेब स्वतःसाठी कधी लावायचा नाही.

ज्याच्याशी माझं जुळलं, तो बोर्डीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. मी तिथे भाषण द्यायला गेले तेव्हा माईक त्याने लावला होता. उतरल्यावर म्हणाला, “एवढ्या रागावून का सांगता? सातवीतली पोरं आहेत, लग्नाला निघालेली नाहीत.” तिथून ओळख. दोन वर्षं आम्ही डहाणूच्या एसटी स्टँडवर भेटत होतो. तो अठ्ठावीसचा. त्याच्या आईला सून मुलापेक्षा मोठी नको होती, आणि हे ती चारचौघांत बोलून दाखवायची.

“तू खरं सांग ना,” तो म्हणायचा. “खरी तू अठ्ठावीसचीच आहेस. खोटं बोल असं कुठे म्हणतोय?”

“खरं म्हणजे कुठलं?”

“जन्मलीस ते.”

“त्याला दाखला लागतो.”

“मग त्या दाखल्याशीच लाव लग्न.”

त्याची आई आणि मामा आमच्या घरी आले. पोहे झाले, चहा झाला. त्याच्या आईने माझ्याकडे न बघता माझ्या आईला विचारलं, “मुलीचं वय काय हो?”

आई म्हणाली, “कागदावर तीस आहे, पण...”

“तीस,” मी मध्येच म्हटलं. “पणबिण काही नाही. तीस.”

मामा सावरून घ्यायला गेले. म्हणाले, “आमच्या वाडीत जुनं झाडच जास्त चिकू देतं.” त्यांच्या बहिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी बशीतला उरलेला चहा एका दमात संपवला. आई खाली बघत होती. जाताना ती माणसं ‘कळवतो’ म्हणाली. सगळेच म्हणतात.

दहा दिवस काही कळवलं नाही. त्याचाही फोन नाही. मी भेटेल त्याला सांगत सुटले, वयावरून नाकारली. एक पत्रक अर्धं लिहूनही झालं: ‘पुरुषाला पगार विचारतात, बाईला वय.’ ते वाक्य मला आजही पटतं.

मग कामासाठी बोर्डीला गेले तर शाळेच्या फाटकात तोच भेटला. “आईला भेटून जा,” म्हणाला.

“कशाला? वय थोडं कमी करून मिळेल का विचारायला?”

“जा तर.”

ती अंगणात चिकूच्या फोडी वाळत घालत होती. मला बस म्हणाली आणि हातातलं काम चालू ठेवून बोलली. “तीसचं माझं काही अडलं नाही. त्याने मला निघायच्या आधीच सांगितलं होतं, कागद काय आणि खरं काय. अडलं असतं तर मी तुझ्या घरची पायरी चढलेच नसते. मी तुझ्या आईला विचारलं. उत्तर तू दिलंस. आलेल्या माणसांसमोर जी आईला बोलू देत नाही, ती उद्या मला काय बोलू देणार?”

“मला वाटलं ती वय कमी करून सांगणार.”

“सांगू दे की. आई आहे. पण ती काय सांगणार होती, विचारलंस तिला?”

नव्हतं विचारलं.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं. “राहिलं ते राहिलं,” म्हणाली. मी तिथेच बसून राहिले, तेव्हा बोलली. “सतराव्या वर्षी तुला मागणी आली होती, उंबरगावकडची. घर बरं होतं. तुझ्या बापाला हवं होतं. मी म्हटलं, पोर शिकतेय, नाही द्यायची. महिनाभर बोलला नाही माझ्याशी. तेच सांगणार होते तिला. कागदावर तीस आहे, पण उशीर माझ्यामुळे झाला, पोरीत काही खोट नाही.”

मी तेव्हा डहाणूला वसतिगृहात राहून बारावी करत होते. मला यातलं काही माहीत नव्हतं. पाड्यापाड्यांत आयांना जे करा म्हणून मी सांगत फिरते, ते ती पत्रक न वाचता करून बसली होती.

“आणि ते दीड वर्ष?” मी विचारलं.

“कसलं दीड वर्ष?” ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. “ते होय. ते कुठे डोक्यात होतं माझ्या.”

रविवारी ती सकाळच्या एसटीने बोर्डीला निघाली. मीही चप्पल घातली.

“तू थांब,” ती म्हणाली. “तिने मला विचारलं होतं.”

दुपारी उशिरा परत आली. पाय धुतले, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं. विचारायचं नाही असं मी ठरवून बसले होते. तीच म्हणाली, “वैशाखात करू म्हणते. तिची एक अट आहे.”

“कसली?”

“मांडवात भाषण करायचं नाही.”

असल्या अटीला हो म्हणायचं की नाही, हा तत्त्वाचा प्रश्न होता. मी उद्या सांगते म्हटलं. चुलीपाशी जाऊन परत आले आणि सांगितलं, चालेल.